अडीच सुताचा बोल्ट

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "अडीच सुताचा बोल्ट द्या" म्हणालात, तर नाशिकमधला जुना दुकानदार काही न विचारता मागच्या खणात हात घालेल आणि बोल्ट काउंटरवर ठेवेल. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सूत म्हणजे पाच सोळांश इंच, मिलिमीटरमध्ये ७.९४. काउंटरवर आलेला बोल्ट मात्र बहुतेक वेळा ८ मिलिमीटरचा असतो. फरक ०.०६ मिलिमीटरचा. डोक्यावरच्या केसाच्या जाडीएवढा.

बांधकामावरही हेच चालतं. ८ मिलिमीटरच्या सळईला अडीच सूत म्हणतात, १० च्या सळईला तीन सूत, १२ च्या सळईला चार सूत. देशात मेट्रिक मापं येऊन साठ वर्षं उलटली, पण तोंडातलं माप बदललं नाही. सळईचं यात काही बिघडत नाही, कारण तिला नट लावायचा नसतो.

बोल्टचं बिघडतं. आणि तो बोल्ट जुन्या बुलेटमध्ये जाणार असेल तर फारच बिघडतं.

जुनी गाडी घेतलेल्या प्रत्येकाच्या तोंडी एक ठरलेलं वाक्य असतं: "आधीच्या मालकाने वाट लावून ठेवलीय." गाडी उघडायला घेतली की पहिल्या अर्ध्या तासात ते बाहेर पडतं. माझ्याही तोंडून पडलं. पण त्या 'वाट लावण्या'चा माग काढत गेलो, तेव्हा आधीच्या मालकाच्याही मागे बरीच माणसं उभी दिसली: मँचेस्टरचा एक इंजिनिअर, इंग्लंडमधलं सुया बनवणारं एक गाव, दिल्लीतला एक कायदा, मद्रासचा एक कारखाना आणि आपल्या गल्लीतला १४ चा पाना. ही त्या सगळ्यांची गोष्ट आहे.

गाडीत काय काय निघालं

गाडी सत्तरच्या दशकातली, ३५० सीसीची, लोखंडी सिलिंडरची बुलेट. मधल्या काळात ती किती हातांतून गेली ते आरसी बुकापेक्षा तिच्या बोल्टवरून जास्त कळतं. टायमिंग कव्हरला लावलेल्या स्क्रूंमध्ये तीन वेगवेगळ्या डोक्यांचे स्क्रू. एका भोकाचे आटे गेले म्हणून तिथे मोठा टॅप मारून जाड बोल्ट बसवलेला, तोही जरा तिरका. इंजिनच्या एका माउंटिंग बोल्टला लांबी जास्त झाली म्हणून चार वॉशर आणि पाइपचा कापलेला तुकडा. रॉकरच्या झाकणाभोवती एम-सीलचा थर. कार्बोरेटरच्या एका स्टडवर नट वेल्डिंग करून कायमचा चिकटवलेला.

सगळ्यात वाईट होता तो क्रँककेसमध्ये मोडलेला एक स्टड. कुणीतरी तो काढायला ड्रिल मारलं होतं. स्टड पोलादाचा, भोवतालचा क्रँककेस ॲल्युमिनियमचा. ड्रिलच्या टोकाला मऊ धातू सापडला की ते तिकडेच सरकतं. त्यामुळे भोक स्टडच्या मधोमध न पडता अर्धं स्टडमध्ये, अर्धं ॲल्युमिनियममध्ये गेलेलं. वर त्या भोकात ईझी-आउट घालून पिळला होता आणि तो आतच मोडला होता. ईझी-आउटचं पोलाद इतकं कडक असतं की साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही.

आणि मग पुढचं चाक. बुलेटच्या पुढच्या चाकाचा ॲक्सल फोर्कच्या खालच्या टोकांना कॅप लावून आवळलेला असतो. त्या कॅपचे नट म्हणजे चाक आणि तुम्ही यांच्यामधला शेवटचा करार. तिथल्या इंची स्टडवर दोन नट ८ मिलिमीटरचे होते. हाताला घट्ट लागत होते. पान्याने सोडवताना करकर आवाज करत आले आणि येताना आट्यांचा चुरा सोबत घेऊन आले. अशा नटांवर ही गाडी कसारा घाट उतरली असेल का, हा विचार मी फार वेळ केला नाही.

अडीच सुताच्या सहा जाती

आता जरा आट्यांकडे पाहू. बोल्टची जाडी मोजली म्हणजे बोल्ट ओळखला, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात जाडीसोबत आणखी दोन गोष्टी लागतात: एका इंचात किती आटे आहेत, आणि आट्याच्या दोन उतारांमधला कोन किती आहे.

अडीच सुताचाच बोल्ट घ्या. व्हिटवर्थ पद्धतीत त्याला इंचाला १८ आटे, कोन ५५ अंश. ब्रिटिश फाइन म्हणजे बीएसएफमध्ये २२ आटे, कोन ५५. सायकलच्या आट्यांमध्ये २६, कोन ६०. अमेरिकन जाड आट्यात १८, पण कोन ६०. अमेरिकन बारीक आट्यात २४, कोन ६०. आणि त्याला जवळचा ८ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट घेतला, तर दोन आट्यांत अंतर १.२५ मिलिमीटर, म्हणजे इंचाला साधारण २०.३ आटे, कोन ६०. डोळ्याला सहाही सारखेच दिसतात. खणात मिसळले तर वेगळे काढायला थ्रेड गेज लागतो.

या गोंधळाची सुरुवात खरं तर गोंधळ मिटवायच्या प्रयत्नातून झाली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखाना आपापले आटे पाडायचा. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेल याची खात्री नसायची. मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थने निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मोजले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपुढे एकच पद्धत मांडली. ५५ अंशांचा कोन त्या सरासरीतूनच आला. रेल्वे कंपन्यांनी ती उचलली आणि ती ब्रिटिश साम्राज्यभर पसरली.

आपल्याकडे ती रेल्वेबरोबर आली. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, आणि १८६० च्या दशकात लोहमार्ग थळ घाट चढून इगतपुरी-नाशिकच्या बाजूला आला. इंग्लंडहून आलेल्या इंजिनांबरोबर, पुलांबरोबर, लेथबरोबर तिथले आटेही आले. आजही तुमच्या घरातल्या अर्ध्या इंची नळाचे आटे व्हिटवर्थच्याच ५५ अंशांचे आहेत, इंचाला १४. मोबाइल ज्या ट्रायपॉडवर लावता त्याच्या स्क्रूचं माप आजही दोन सूत आणि इंचाला २० आटे. फ्रान्समध्ये बनलेला कॅमेरा असो की चीनमध्ये बनलेला ट्रायपॉड, तिथे मिलिमीटर चालत नाही.

मग एकाच पद्धतीवर भागलं का नाही? कारण कामं वेगळी होती. व्हिटवर्थचे आटे जाड आणि खोल. बिडाला, ॲल्युमिनियमला ते चांगले, कारण मऊ धातूत खोल आटा पकड धरतो. पण मोटारीसारख्या थरथरणाऱ्या यंत्रात पोलादी बोल्ट जाड आट्यांवर सैल होतो. म्हणून १९०८ च्या सुमारास बीएसएफचे बारीक आटे आले. त्याआधी, १९०२ मध्ये, सायकलवाल्यांनी पातळ नळ्यांसाठी स्वतःचे आणखी बारीक आटे ठरवले होते. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्येच ६० अंशांची पद्धत मांडली होती, कारण ६० चा कोन साध्या कारागिरालाही सहज जमतो. युरोपात मेट्रिक आटे होते ते वेगळेच.

या भेदांची किंमत कधी कधी फार मोठी पडली. फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराला आग लागली, तेव्हा शेजारच्या शहरांतून बंब धावून आले. त्यांच्या होजपाइपचे आटे बाल्टिमोरच्या हायड्रंटला बसेनात. बंब होते, पाणी होतं, माणसं होती आणि शहर जळत होतं. दुसऱ्या महायुद्धात पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने रोल्स-रॉइसची मर्लिन विमान इंजिनं बनवायला घेतली, तेव्हा ब्रिटिश आट्यांची हत्यारं अमेरिकेत मिळत नव्हती म्हणून तिला ती स्वतः तयार करावी लागली. युद्धाने शिकवलेला हा धडा १९४८ मध्ये कागदावर आला. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एका सामाईक, ६० अंशांच्या आट्यांवर सह्या केल्या. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात नवी सर्वमान्य पद्धत आणायला गेलं की आधीच्या दहांत अकरावीची भर पडते, असं गमतीने म्हणतात. इथेही तेच झालं.

सुयांच्या गावातून मद्रासला

रॉयल एन्फिल्ड ही इंग्लंडमधल्या रेडिच गावची. रेडिच सुया बनवण्यासाठी प्रसिद्ध. सुयांवरून सायकली, सायकलींवरून मोटारसायकली असा त्या गावातल्या कारखान्याचा प्रवास. ही वंशावळ त्यांच्या गाड्यांच्या नटबोल्टवर दिसते. ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमध्ये जाणाऱ्या स्टडच्या टोकाला जाड व्हिटवर्थ आटे, त्याच स्टडच्या दुसऱ्या, नटाच्या टोकाला बारीक आटे आणि चाकांच्या, फोर्कच्या बाजूला सायकलचे आटे. एकाच स्टडच्या दोन टोकांना दोन वेगळे आटे पाहून आधीच्या मेकॅनिकची चूक वाटते. ती चूक नसते. ज्याने गाडी आखली त्याचं ते शहाणपण असतं: मऊ धातूत जाड, पोलादावर बारीक.

या सगळ्या इंची गाडीत एक पाहुणा मेट्रिक आहे, तो म्हणजे स्पार्क प्लग. त्याचं माप १४ मिलिमीटर, आटे १.२५ चे. प्लगचा धंदा सुरुवातीपासून युरोपातल्या मापांवर चालला आणि ब्रिटिशांनीही तो तसाच घेतला.

स्वतंत्र भारताच्या लष्कराला सरहद्दीवर फिरायला मोटारसायकली हव्या होत्या आणि बुलेट पसंत पडली. १९५५ मध्ये रेडिचची कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून एन्फिल्ड इंडिया उभी केली. आधी इंग्लंडहून सुटे भाग आणून जोडणी, मग १९५७ मध्ये तिकडची हत्यारंच इकडे आली आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत भाग मद्रासलाच बनू लागले. हत्यारं म्हणजे साचे, जिग, टॅप, डाय, गेज. त्यांच्यासोबत त्यांचे आटेही आले.

मेट्रिक देश, इंची गाडी

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. १९५५ ला मद्रासला बुलेट येते. १९५६ मध्ये संसद वजन-मापांचा कायदा करून देशासाठी मेट्रिक पद्धत स्वीकारते. एप्रिल १९५७ ला आणे-पै जाऊन नवे पैसे येतात. ऑक्टोबर १९५८ पासून बाजारात किलो यायला लागतो. आणि इंची हत्यारांनी सजलेला मोटारसायकलचा कारखाना नेमका याच दोन-तीन वर्षांत पाय रोवतो.

त्यानंतर रस्त्यावर आलेली जवळजवळ प्रत्येक दुचाकी मेट्रिक होती. म्हैसूरची जावा १९६१ पासून, मूळ चेकोस्लोव्हाकियाची. एस्कॉर्ट्सची राजदूत, मूळ पोलंडची. पुण्याच्या बजाजची स्कूटर, मूळ इटलीची. इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात आणि आयटीआयच्या वर्गात हळूहळू मेट्रिक आटे आले. १९६७ मध्ये भारतीय मानक संस्थेने आयएसओच्या मेट्रिक आट्यांवर आधारलेलं आयएस ४२१८ हे मानक काढलं. खुद्द ब्रिटनमध्ये १९६५ मध्ये उद्योगांना मेट्रिककडे जायला सांगितलं गेलं, आणि नव्या यंत्रांत व्हिटवर्थ, बीएसएफ वापरू नका, असं तिथल्या मानक संस्थेने जाहीर केलं. १९७० पर्यंत इंग्लंडमधली रॉयल एन्फिल्ड बंदच पडली.

म्हणजे ज्या आट्यांना त्यांच्या जन्मदेशाने निरोप दिला, ते मद्रासच्या कारखान्यात पुढची कित्येक वर्षं निघत राहिले. मधल्या काळात कुठे कुठे मेट्रिक बोल्टही शिरले. त्यामुळे "बुलेटचे आटे कुठले?" या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नाही. उत्तर गाडीच्या सालावर आणि भागावर अवलंबून असतं.

नाशिक तर या बदलाच्या ऐन मध्ये होतं. १९६४ मध्ये ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आला तो मिग-२१ साठी. मिग सोव्हिएत, म्हणजे नखशिखान्त मेट्रिक. त्याच कंपनीच्या बंगळूरच्या कारखान्यात तेव्हा नॅट बनत होतं, ते ब्रिटिश. पुढे सातपूर, अंबडच्या औद्योगिक वसाहती वाढल्या. या कारखान्यांच्या आजूबाजूला शिकलेल्या फिटर-टर्नरच्या हाताला मिलिमीटरची सवय लागली. शहरातून मुंबई-आग्रा महामार्ग जातो, त्यामुळे गॅरेजमध्ये येणाऱ्या गाड्या मात्र साऱ्या जगाच्या. जीप अमेरिकन आट्यांची. ॲम्बेसेडर ब्रिटिश, पण तिचे बरेचसे आटे १९४८ च्या करारातले. फियाट मेट्रिक. आणि बुलेट या सगळ्यांहून निराळी.

एका मेकॅनिकच्या पेटीत हे सगळं मावणार कसं? मावलं नाही. पेटीत राहिले ते सगळ्यात जास्त गाड्यांना लागणारे पाने: १०, १२, १३, १४, १७.

पान्याने घेतलेला निर्णय

माझ्या गाडीतल्या त्या ८ मिलिमीटरच्या नटांचं कोडं मला इथे सुटलं. व्हिटवर्थ पान्यावर लिहिलेला आकडा हा नटाच्या डोक्याचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. त्यातही बीएसएफच्या नटाचं डोकं एक माप लहान. अडीच सुताच्या बीएसएफ नटाला 'दोन सूत व्हिटवर्थ' असं लिहिलेला पाना लागतो आणि त्याचं तोंड असतं १३.३ मिलिमीटर.

आता मेकॅनिकच्या जागी उभे राहा. १३ चा पाना त्या नटावर जातच नाही. १४ चा जातो, पण जरा सैल. पहिल्यांदा नट सुटतो. दुसऱ्यांदा कोपरे थोडे गोल होतात. पाचव्यांदा पाना फिरतो आणि नट तसाच राहतो. मग पक्कड, मग छिन्नी-हातोडा. नट निघतो, पण पुन्हा लावण्यासारखा उरत नाही. दुकानातून 'अडीच सुताचा' नट येतो, तो ८ मिलिमीटरचा. तो स्टडवर दोन-तीन आटे छान चढतो, मग जड जायला लागतो. आणि एक मोठा फायदा म्हणजे त्याच्या डोक्यावर १३ चा पाना अगदी चपखल बसतो! इथून पुढे हा नट प्रत्येक मेकॅनिकला बरोबरच वाटणार. उलट शेजारचे उरलेले मूळ नटच त्याला चुकीचे वाटणार.

म्हणजे नट बदलला गेला तो निष्काळजीपणापेक्षा पाना बसत नव्हता म्हणून. आणि चुकीचा नट एकदा बसला, की पुढचे बरोबर नट काढून टाकायचं तो कारण बनतो.

लेथवर योग्य नट करून घ्यायचा म्हटलं तरी सोपं नव्हतं. लेथवर आटे पाडायचे तर लेथच्या लांब स्क्रूचं आणि कामाचं प्रमाण गिअरने जुळवावं लागतं. इंची स्क्रूच्या लेथवर अचूक मेट्रिक आटे पाडायचे, किंवा मेट्रिक लेथवर इंची, तर १२७ दातांचा एक खास गिअर लागतो. कारण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि २५.४ ला पूर्ण संख्येत आणायला पाचाने गुणून १२७ करावे लागतात. १२७ ही मूळ संख्या आहे, तिचे लहान तुकडे पडत नाहीत. हा गिअर ज्याच्याकडे नाही तो जवळचं प्रमाण लावून भागवतो. छोट्या नटात ते चालून जातं. पण दोन रुपयांच्या नटासाठी गिअर बदलत बसायला तेव्हा कुणाला वेळ होता, आणि आज तरी कुणाला आहे?

दोन प्रकारचं घट्ट

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

बोल्ट आवळताना आपण त्याला ताणत असतो. नट फिरतो, बोल्ट अगदी थोडा लांबतो आणि रबरासारखा परत आखडायला बघतो. त्या आखडण्याने दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. हा दाब म्हणजे खरं घट्ट. चुकीच्या आट्यांचा नटही घट्ट लागतो, पण वेगळ्या कारणाने. २२ आट्यांच्या स्टडवर २०.३ आट्यांचा नट चढवला की प्रत्येक फेऱ्यात साधारण ०.०९५ मिलिमीटरचा फरक साठत जातो. चार-पाच फेऱ्यांत आटे एकमेकांत अडकतात. हाताला वाटतं, आवळला गेला. खरं तर नट कॅपपर्यंत पोचायच्या आधीच आट्यांत रुतलेला असतो. स्टड ताणलेला नाही, कॅप दाबली गेलेली नाही. आणखी जोर लावला तर आटे सोलून निघतात. नाही लावला, तर तो थरथरीने कधीतरी सुटतो.

अंतराळयानांच्या इतिहासातही हीच जात सापडते. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हरवलं, कारण एका सॉफ्टवेअरने बलाचा आकडा पाउंडात दिला आणि दुसऱ्याने तो न्यूटनमध्ये धरला. दोन्ही बाजूंचे आकडे आपापल्या जागी बिनचूक होते. जोडणी झाली, काही अडलं नाही. अजिबात न बसणारा नट निरुपद्रवी असतो, तो परत दुकानात जातो. घात करतो तो जवळजवळ बसणारा.

आता करायचं काय

जुन्या गाडीचे बोल्ट हाताळायचे असतील तर पहिली खरेदी पान्यांची करू नका, थ्रेड गेज आणि व्हर्नियर घ्या. प्रत्येक बोल्ट बाहेर आला की जाडी, इंचाला आटे, लांबी आणि जागा लिहा. गेज आट्यांत धरून उजेडासमोर पाहा. मधून प्रकाश दिसला तर तो गेज चुकीचा. यात सगळ्यात फसवी जोडी दोन सुताची आहे: बीएसएफलाही २६ आटे, सायकलच्या आट्यांनाही २६. जाडी तीच, संख्या तीच, फरक फक्त कोनाचा, ५५ आणि ६०. आणि त्याच दोन सुताच्या २६ आट्यांच्या भोकात ६ मिलिमीटरचा बोल्ट लोण्यासारखा जातो, कारण त्याचे आटे एक मिलिमीटरवर आणि भोकाचे ०.९८ वर. जाडी मात्र ०.३५ मिलिमीटरने कमी. तो नुसता आट्यांच्या शेंड्यांना धरून लटकतो.

मग प्रत्येक ठिकाणी तीन मार्ग उरतात. आटे शाबूत असतील तर योग्य बोल्ट मिळवून लावायचा. भोकाचे आटे गेले असतील तर भोक मोठं करून त्यात हेलिकॉइल, म्हणजे पोलादी तारेचं वेटोळं, किंवा लेथवर केलेला बुश बसवायचा आणि आत मूळ मापाचे आटे परत आणायचे. तिसरा मार्ग म्हणजे आधीच्या माणसाने मारलेला मोठा टॅप सरळ असेल आणि पकड धरत असेल तर त्याला हात न लावणं.

हा तिसरा मार्ग जुन्या गाड्यांच्या शौकिनांना पटत नाही. त्यांना सगळं कारखान्यातून निघालं तसं हवं असतं. पण प्रत्येक दुरुस्ती थोडा धातू खाते. क्रँककेसमधलं भोक एकदा मोठं झालं, दुसऱ्यांदा झालं, की तिसऱ्यांदा भोवताली भिंतच उरत नाही. 'मूळ रूप' परत आणण्याच्या हौसेपायी गाडी मारायची नसते.

माझ्या गाडीत फोर्कचे स्टड आणि नट सगळे नवे, मापाचे घातले. तिथे तडजोड नाही. मोडलेल्या ईझी-आउटचा क्रँककेस टूल-रूममध्ये नेला. तिथे विजेच्या ठिणग्यांनी कडक धातू झिजवणारं यंत्र असतं. ईझी-आउट त्याने काढला, कलंडलेलं भोक मिलिंग मशीनवर सरळ करून घेतलं आणि पोलादी बुश बसवला. बुश करणारे काका साठीचे. त्यांनी माप पाहिलं, गेज न लावताच म्हणाले, "व्हिटवर्थ दिसतंय." आयटीआयच्या पहिल्या वर्षी त्यांनी हेच आटे हाताने पाडले होते म्हणे. पैसे विचारले तर आधी चहा सांगितला. टायमिंग कव्हरचा तो जाड, तिरका बोल्ट मात्र मी तसाच ठेवला आहे. तेल गळत नाही, कव्हर नीट बसतं. ज्याने तो बसवला त्याच्याकडे योग्य टॅप नव्हता, पण गाडी दुसऱ्या दिवशी रस्त्यावर हवी होती, आणि त्याने ती आणली.

त्याच्यावर राग धरणं सोपं आहे. कदाचित त्याला दूध घालायला जायचं असेल, कदाचित कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल. नव्या दुचाकीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावायचे दिवस होते ते. अशा वेळी गाडी चालू ठेवणं हे पहिलं काम, आटे नंतर. फोर्कचा नट आणि टायमिंग कव्हरचा बोल्ट, दोन्ही चुकीचेच. पण एकाने माणूस पडला असता, दुसऱ्याने माणूस घरी पोचला. त्या दोघांना एकाच शिवीत बसवता येत नाही. तपासायचं असतं ते एवढंच, की दुरुस्ती भार घेते का, आणि ती पुढच्या माणसाला फसवते का.

त्या पुढच्या माणसासाठी मी सीटखालच्या टूलबॉक्समध्ये एक कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला आहे. कुठल्या जागी कुठले आटे, कुठे बुश आहे, कुठे मोठा टॅप मारलेला आहे, कुठल्या नटाला कुठला पाना. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहिलंय: 'फोर्कच्या कॅपचे नट अडीच सूत बीएसएफ, २२ आटे. दुकानात अडीच सूत मागाल तर ८ एमएम देतील. घेऊ नका.'